सभागृहातलं एक टेबल, चौदा माणसं आणि मास्तरांची काळी बाजू

फोंड्याचा_टीटीवाला | १९ जून, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, मोबाईलवरून टाइप करतोय तेव्हा शुद्धलेखनावर जाऊ नका.

आमच्या वाड्यावर देवळाच्या सभागृहात एक टीटी (टेबल टेनिस) टेबल आहे. लग्न, बारसं, नाटकाची तालीम काही असलं की घडी करून स्टेजमागे, नसलं की साडेसात ते साडेनऊ आमचं राज्य. मी ४३ वर्षांचा, बँकेत आहे, कॉलेजात बरा खेळायचो मग अठरा वर्षं बॅटला हात नाही, गेल्या चवथीनंतर पोराला घेऊन गेलो तर पोरगा आठ दिवसांत कंटाळला आणि मी अडकलो तो अडकलोच.

अडचण अशी की आमच्याकडे एक मास्तर आहेत. निवृत्त शिक्षक, वय ६६, गुडघ्याला पट्टा, जागेवरून दोन पावलांच्या वर हलत नाहीत आणि मला ११-४, ११-३ असे घालतात. मी जीव खाऊन टॉपस्पिन (बॉल पुढच्या बाजूला गरगरत जाणारा फटका) मारतो, ते नुसती बॅट पुढे धरतात, बॉल टुक्कन परत येतो आणि माझा पुढचा फटका नेटात. दर वेळी! त्यांच्या बॅटच्या काळ्या बाजूला लांब लांब दाणे आहेत. हे काय म्हणून विचारलं तर हसून म्हणतात, "हो स्पिन तुजोच रे पुता, हांव फकत परत दितां." आधी वाटलं टोमणा मारतायत.

दुसरी गोष्ट, येणारे चौदा आणि टेबल एक. आमचा नियम 'जिंकला तो टेबलावर'. म्हणजे मास्तर टेबलावर आणि बाकीचे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. गेल्या दोन महिन्यांत पाच जण यायचे बंद झाले. आता तर पाऊस सुरू झाला, बॉल रबरवरून साबणासारखा सटकतो.

माझा गेम सुधारायचा कसा ते सांगा. बाकीचं जमलं तर.

सुशेगाद_सर्व्हिस | १९ जून, रात्री ११:०५

वाखुसा (वाचनखूण साठवली). आमच्या डिचोलीत पण एक असेच मास्तर आहेत, प्रत्येक गावाला एक देतात बहुतेक.

तिसवाडी_डावखुरा | १९ जून, रात्री ११:३१

युनिव्हर्सिटीला खेळलोय, त्या जोरावर चार शब्द.

मास्तर टोमणा मारत नाहीयेत, ते तुम्हाला फुकट कोचिंग देतायत. त्या काळ्या बाजूला लाँग पिंपल म्हणतात. आपल्या साध्या रबरचा वरचा थर गुळगुळीत आणि चिकट असतो, तो बॉलला पकडतो आणि आपली फिरकी त्याच्यावर चढवतो. लाँग पिंपलचे दाणे बॉल आला की वाकतात, पकडत काही नाहीत. बॉल ज्या बाजूला गरगरत आला त्याच बाजूला गरगरत राहतो, फक्त जायची दिशा उलटते. तुमच्याकडून निघताना जो टॉपस्पिन होता तोच तुमच्याकडे येताना बॅकस्पिन, म्हणजे उलटी फिरकी, होतो. तुम्ही जेवढा जोर लावाल तेवढा तो जड होऊन येणार, आणि तुम्ही परत तशीच बॅट बंद करून (खाली झुकवून) मारता म्हणून नेटात. मास्तरांनी एका वाक्यात सांगितलं, मला एवढं लिहायला लागलं.

आता उलटं बघा. तुम्ही त्याच दाण्यांवर कापून पुश दिला, बॅकस्पिनचा, तर परत येताना त्यात थोडा टॉपस्पिन असतो किंवा बॉल जवळजवळ मेलेला असतो, आणि थोडा उंच येतो. तो मारायचा बॉल. आणि बिनफिरकीची लांब सर्व्हिस सरळ काळ्या बाजूवर टाकलीत तर परत काय येणार? बिनफिरकीचाच बॉल, कारण त्यांच्याकडे स्वतःचं काही नाही द्यायला. म्हणजे एक टॉपस्पिन, मग घाई न करता एक पुश, मग जो उचलून येईल तो सपाट मारायचा. लागोपाठ दोन लूप, म्हणजे तेच जोरदार टॉपस्पिन, मारायचा मोह आवरला तर ११-४ चे ११-८ लगेच होतील. त्याच्या पुढचं मात्र मास्तरांच्या डोक्याशी आहे, बॅटशी नाही.

अजून एक, त्यांची लाल बाजू साधीच असेल. रॅलीच्या मध्येच बॅट हातात फिरवतात का बघा. ते कळावं म्हणूनच १९८६ पासून एक बाजू काळी दुसरी लाल असं सक्तीचं झालं, त्याआधी दोन्ही बाजू एकाच रंगाच्या ठेवून लोक एकमेकांना येडं बनवायचे. २०२१ पासून लालच्या जागी दुसरे रंग पण चालतात, पण एक बाजू काळीच. बॉल बघायच्या आधी रंग बघायची सवय लावा.

पर्वरीची_ताई | २० जून, सकाळी ७:१२

मनिका बत्रा हेच करते ना? बॅकहँडला लाँग पिंपल आणि मध्येच बॅट फिरवते. २०१८ ला गोल्ड कोस्टला कॉमनवेल्थचं सिंगल्स गोल्ड मिळालं तेव्हा आमच्या सोसायटीतले सगळे काका म्हणत होते की हे रबर म्हणजे चिटिंग. म्हटलं तुम्ही आणा की मग, दुकानात मिळतं.

तिसवाडी_डावखुरा | २० जून, सकाळी ९:४०

हो तेच. चिटिंग बिटिंग काही नाही, नियमात बसतं. आणि आणून बघाच, पहिले तीन महिने स्वतःलाच झेपत नाही.

खारीवाडा_एफसी | २० जून, सकाळी ११:१८

गोव्यात राहून टीटीवर धागा 😂 एवढा दम असेल तर चिखलात या फुटबॉल खेळायला.

म्हापसेकर_आजोबा | २० जून, दुपारी ४:०३

खारीवाडा, फुटबॉल आम्हीही खेळलो रे. गुडघे गेले की कळेल टेबल कशाला लागतं ते.

रबरवरून आठवलं. १९५२ साली मुंबईत जागतिक स्पर्धा झाली, आशियात पहिल्यांदाच. तेव्हा गोव्यात पोर्तुगीज होते, आपल्याला मुंबई परदेशासारखीच. तिथं जपानचा हिरोजी साटो जाडजूड स्पंज लावलेली बॅट घेऊन उतरला आणि जगज्जेता होऊन गेला. बाकीच्यांकडे नुसतं दाण्यांचं रबर, टक-टक वाजणारं, आणि हे लोक तो आवाज ऐकून जोर ओळखायचे. साटोच्या बॅटचा आवाजच येईना. युरोपातले भले भले गडबडले. तेव्हा नवीन रबर आलं की चिटिंग म्हणायची परंपरा तुमच्या सोसायटीतल्या काकांच्या पुष्कळ आधीची आहे.

फोंड्याचा_टीटीवाला | २० जून, रात्री १०:२०

डावखुरे साहेब दंडवत. आज करून बघितलं, एक लूप एक पुश. पहिला गेम ११-७! दुसरा ११-३, कारण खूश होऊन परत दोन-दोन लूप मारायला लागलो. मास्तर म्हणाले, "कोणें शिकयलें?" मी म्हटलं इंटरनेटवर एक डावखुरा आहे. तर म्हणतात, डावखुऱ्यांवर विश्वास ठेवू नये.

पावसाचं कोणीतरी सांगा राव.

मस्कतहून_वास्कोकार | २१ जून, रात्री १:५०

पावसाचं मी सांगतो, वीस वर्षं वास्कोला खेळलोय, बंदराची हवा म्हणजे आषाढात भिंती पण घाम गाळतात.

रबरवर ओलाव्याचा पातळ थर बसतो, त्याच्यावर बॉल पकडला न जाता घसरतो, म्हणून लूप सरळ खाली जातो. चिकट चायनीज रबर असेल तर जास्तच जाणवतं. उपाय साधे, प्रत्येक सहा पॉइंटनंतर टॉवेलची मुभा नियमातच आहे, तेव्हा घामाबरोबर रबर पण पुसायचं, कोरड्या सुती कपड्यानं. शर्टाला पुसू नका, शर्ट आधीच भिजलेला असतो. बॅट स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. कव्हरमध्ये बुटांच्या खोक्यातून येतात त्या सिलिकाच्या पुड्या टाकून ठेवा. पावसात मी स्वतः लूप कमी आणि ब्लॉक (नुसती बॅट धरून बॉल परत देणं) जास्त खेळायचो, हवेशी भांडण्यात अर्थ नाही.

टेबलाचं पण बघा. ओल धरून वरचा प्लाय फुगतो आणि मग एका कोपऱ्यात बॉल मरतो. शाळेची ३० सेंटिमीटरची फूटपट्टी घ्या, टेबलावर उभी धरा, वरच्या टोकाच्या उंचीवरून बॉल नुसता सोडा. साधारण २३ सेंटिमीटर उसळला पाहिजे, आणि सगळीकडे तेवढाच. जिथं कमी उसळेल तिथं खडूनं खूण करा आणि मॅचमध्ये तिकडेच सर्व्हिस टाका, हा हा. त्याच पट्टीनं नेट मोजा, १५.२५ हवं. अर्ध्या टीटीवाल्यांचं आयुष्य दोन सेंटिमीटर उंच नेटवर खेळण्यात जातं आणि ते स्वतःलाच दोष देत बसतात.

डोक्यावर सिलिंग फॅन असेल तर बंद करा. बॉलचं वजन २.७ ग्रॅम, फॅनखाली तो पतंग आहे.

सुशेगाद_सर्व्हिस | २१ जून, सकाळी ८:३०

फॅन बंद करून जूनमध्ये फोंड्यात खेळायचं?? मस्कतात एसीत बसून सांगायला काय जातंय 😄

मस्कतहून_वास्कोकार | २१ जून, सकाळी ११:१५

बरं बाबा, भिंतीवरचा फॅन बसणाऱ्यांकडे वळवून लावा. खेळणाऱ्यांना घाम, बघणाऱ्यांना वारा. तसं पण चौदातले बारा बघतच असतात ना.

पर्वरीची_ताई | २१ जून, दुपारी १:२६

हाच मुद्दा आहे माझ्या मते, आणि टीटीवालेदादा तुम्ही तो 'बाकीचं जमलं तर'मध्ये टाकलाय.

हिशोब करूया. दोन तास, एक गेम सहा मिनिटांचा धरला तर वीस गेम, म्हणजे चाळीस जागा. त्यातल्या अठरा-वीस मास्तर घेणार कारण ते हरतच नाहीत. उरल्या वीस, त्या तेरा जणांत. माणशी दीड गेम, म्हणजे दोन तासांत नऊ मिनिटं, ती पण मास्तरांकडून मार खाण्यात. नवीन आलेली मुलगी एकदा ११-१ हरते आणि पाऊण तास खुर्चीवर बसते, दुसऱ्या दिवशी ती कशाला येईल? मी पण अशीच सोडून दिली होती. आमच्याकडे क्लबहाऊसमध्ये चार पुरुष टेबल धरून बसायचे, 'भाभी फक्त एक गेम' म्हणून एक तास. शेवटी आम्ही सहा जणींनी सकाळी साडेसहाची वेळ घेतली. आता त्यातलेच दोघं सकाळी येऊन विचारतात की जागा आहे का.

डबल्स खेळा ना! तेवढ्याच वीस गेममध्ये ऐंशी जागा, म्हणजे प्रत्येकाला सहाच्या आसपास गेम मिळतात. आणि टीटीच्या डबल्समध्ये प्रत्येकानं आळीपाळीनंच मारायचं असतं, बॅडमिंटनसारखं 'तू सरक मी घेतो' चालत नाही. कच्च्या भिडूला लपवता येत नाही, त्याला बॉल मिळतोच.

पेडण्याचा_पुशर | २१ जून, सायंकाळी ६:४८

असहमत. 'जिंकला तो टेबलावर' हा नियम बरोबर आहे. आम्ही सगळे त्याच्यावरच वाढलो. हरलास तर बस, बघ, शीक, परत ये. हल्ली सगळ्यांना सगळं समान पाहिजे. टेबल म्हणजे काय रेशनचं दुकान आहे का?

पर्वरीची_ताई | २१ जून, सायंकाळी ७:०२

तुम्ही वाढलात, जे सोडून गेले ते इथं कमेंट करायला आलेले नाहीत.

पेडण्याचा_पुशर | २१ जून, सायंकाळी ७:३०

ताई पॉइंट तुमचा. पण तरी दम लागतो तो त्याच नियमात लागतो, हे मी मागे घेत नाही.

तिसवाडी_डावखुरा | २१ जून, रात्री ९:१५

दोघांचंही धरता येतं. पहिला तास गेम नाहीतच, जोड्या लावून फक्त प्रॅक्टिस. टेबलावर एका वेळी चार जण, प्रत्येक जोडी आपापल्या कर्णावर, फोरहँड ते फोरहँड नाहीतर बॅकहँड ते बॅकहँड, दोन बॉल एकदम चालू. दहा मिनिटांनी बदल. मध्येमध्ये बॉल एकमेकांना धडकतात, हसायला होतं, काही बिघडत नाही. दुसरा तास गेम, पण लागोपाठ दोन जिंकले की तिसऱ्याला उतरायचं. पुशर भाऊंचा दम पण राहिला.

आणि सुधारायचं म्हणाल तर टीटीवालेदादा, सर्व्हिस. या खेळातला हा एकच फटका आहे जो पूर्ण तुमच्या हातात आहे आणि तोच कोणी घरी घोटत नाही. नियमाप्रमाणे बॉल उघड्या तळव्यावर, सरळ वर किमान १६ सेंटिमीटर उडवायचा, खाली येतानाच मारायचा, आणि समोरच्याला तो सगळा वेळ दिसला पाहिजे. सभागृहात निम्मे लोक हातातूनच मारतात, आणि मग एखाद्या स्पर्धेला गेले की पंच फॉल्ट देतो, मग चिडतात. लवकर जाऊन दहा मिनिटं एकट्यानं टेबलावर पोस्टकार्डाएवढा कागद ठेवून त्याच्यावर सर्व्हिस टाका. आधी एकच सर्व्हिस शिका, खाली बॅकस्पिनची, आखूड, म्हणजे समोरच्या बाजूला दोनदा टप्पा पडेल अशी. मग तीच हातवारे न बदलता बिनफिरकीची. या दोनातच माणसं वर्षभर गोंधळतात.

जुने बॉल टाकू नका, एक बादली भरली की मल्टीबॉल सुरू करा. एक जण बादलीतून एकामागून एक देत राहतो, दुसरा मारत राहतो, बाकीचे वेचतात. मास्तर हलत नाहीत म्हणता ना, मग बादलीपाशी त्यांनाच बसवा!

साखळी_०७ | २२ जून, सकाळी १०:११

मधेच विचारतो, नवीन बॅट घ्यायचीय, दुकानदार कार्बनवाली घे म्हणतोय. घेऊ का? मी वर्षभर खेळतोय.

तिसवाडी_डावखुरा | २२ जून, दुपारी १२:००

नको. पाच थरांचं साधं लाकूड, ऑलराउंड, आणि दोन्हीकडे कंट्रोलवालं साधं रबर, पातळसर स्पंज. कार्बननं बॉल जोरात जातो हे खरं, पण टेबलाबाहेर पण जोरातच जातो. उरलेल्या पैशात बूट घ्या, गुळगुळीत लादीवर चपला घालून खेळणारे मी तीन जण प्लास्टरमध्ये बघितलेत.

म्हापसेकर_आजोबा | २२ जून, सायंकाळी ५:४५

यावरून थोडं अवांतर. माझ्या धाकट्या भावाला पार्किन्सन्स आहे. डॉक्टरांना विचारून त्याला टेबलाशी नेतो, आठवड्यातून तीनदा. चहाचा कप धरताना हात हलतो तो हलतोच, पण सर्व्हिसला बॉल उडवतो तेव्हा बघणाऱ्याला कळत नाही. २०१९ पासून पार्किन्सन्स असलेल्यांची जागतिक टीटी स्पर्धाच होते असं त्याला सांगितलं तर म्हणाला, मग मी प्रॅक्टिस वाढवायला हवी. आमच्याकडे एक नववीतली मुलगी आहे, ती त्याच्याशी रोज पन्नास बॉलची रॅली करायचा प्रयत्न करते. परवा एकतीसपर्यंत गेले. तिचा बॅकहँड या वर्षात जेवढा सुधारलाय तेवढा कोणाचाच नाही, कारण त्याला बॉल नेमका हातात द्यावा लागतो, जरा इकडेतिकडे झाला की रॅली संपली.

पर्वरीची_ताई | २२ जून, सायंकाळी ६:०५

आजोबा 🙏

खारीवाडा_एफसी | २२ जून, रात्री ८:५२

ओके मी माझी कमेंट मागे घेतो. आपल्याकडेच गोव्यात डब्ल्यूटीटी (टीटीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा) झालेली २०२३ ला, परत २०२४ ला, तेव्हा मित्रानं ओढून नेलेलं. टीव्हीवर खेळ लहान वाटतो, तिथं बसलं की बॉल दिसतच नाही फक्त आवाज. आणि गोवा चॅलेंजर्सनी २०२३ ला पुण्यात नि २०२४ ला चेन्नईत लागोपाठ अल्टिमेट टीटी (आपली देशातली टीटी लीग) मारलं तेव्हा स्टेटस मी पण ठेवलेलं, खोटं कशाला बोलू.

फोंड्याचा_टीटीवाला | २१ जुलै, रात्री ११:०८

महिनाभर गायब होतो, क्वार्टर एंड. आता अपडेट देतो.

फूटपट्टी लावली. नेट १६.८ निघालं!! दीड सेंटिमीटर जास्त, आणि हे कोणाच्या लक्षात नाही किती वर्षं. खाली केलं तर पहिले दोन दिवस सगळ्यांचे बॉल टेबलाबाहेर. स्टेजकडच्या डाव्या कोपऱ्यात बॉल जेमतेम १७-१८ उसळतो, तो कोपरा बहुतेक गेल्या पावसात गळतीखाली होता. मास्तरांना तो कोपरा आधीपासून माहीत होता. कबूल पण करतात वर.

वेळेचं गाडं सोपं नव्हतं. पहिल्या आठवड्यात जुने लोक रुसले, एकानं तर 'देवस्थानच्या कमिटीला विचारलं काय' म्हणून वाद काढला. मी मास्तरांनाच विचारलं, तुम्ही दोन जिंकून उतराल का? म्हणाले, "गुडघो दुखता म्हण कितलें दीस सांगतां हांव, कोण आयकता?" म्हणजे हा माणूस वर्षभर उतरायला निमित्त शोधत होता आणि आम्ही त्यांना उतरू देत नव्हतो कारण नियम. आता ते बादलीपाशी खुर्ची टाकून बसतात, मल्टीबॉल देतात, आणि चुकलं की खडू फेकून मारतात. शाळा सुटली पण सवय सुटली नाही. गेलेल्या पाचातले तिघं परत आले, शिवाय पलीकडच्या वाड्यावरच्या दोन बहिणी, त्यातली धाकटी डावखुरी आहे. डावखुरे साहेब नोंद घ्या.

माझं विचाराल तर परवा मास्तरांशी बेस्ट ऑफ फाइव्ह खेळलो. ११-८, ७-११, ११-९, ६-११, आणि पाचव्यात ९-९ ला बिनफिरकीची लांब सर्व्हिस काळ्या बाजूवर टाकली, अगदी तुम्ही सांगितली तशी. त्यांनी बॅट हातात फिरवली आणि लालनं मारली. मी काळ्यासाठीच उभा होतो. ९-११.

तिसवाडी_डावखुरा | २१ जुलै, रात्री ११:२०

रंग बघा म्हटलं होतं 😂😂

फोंड्याचा_टीटीवाला | २१ जुलै, रात्री ११:२६

बघितला हो. बघेपर्यंत बॉल मागच्या खुर्चीखाली होता.

असो, या आयतवारी सभागृहात श्रावणातल्या भजनाची तालीम आहे, टेबल सोमवारीच लागेल. बादलीतले बॉल आता फुटके जास्त नि धड कमी झालेत, डझन-दोन डझन कोणी पणजीहून येताना आणतंय का?

सुशेगाद_सर्व्हिस | २२ जुलै, सकाळी ७:५०

मी शनिवारी जातोय. थ्री स्टार (मॅचचे) नको ना? प्रॅक्टिसचे आणतो, पांढरे. पैसे तिथं आल्यावर घेईन, आणि एक गेम मास्तरांबरोबर.